घरगुती बिअरच्या तळातला साका : भ्यावे किती, राहू द्यावा किती?

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात घरच्या घरी बिअर करू पाहणाऱ्या नवख्या माणसाला पहिला घोर पडतो, तो साधारणपणे आठव्या दिवशी. तोवर सारे कौतुकाचे असते. माल्टचा गोड काढा उकळलेला असतो, त्यात यीस्ट सोडलेले असते, दुसऱ्या दिवसापासून पिंपाच्या झाकणातील नळीतून बुडबुडे टपटप फुटत असतात. मग एके सकाळी फेस ओसरतो, बुडबुडे मंदावतात आणि काचेच्या मोठ्या बुधल्याच्या तळाशी दोन बोटे जाडीचा गाळ बसलेला दिसतो. सर्वांत खाली हिरवट-तपकिरी चिखल, त्यावर सायीसारखा पिवळसर थर, आणि वरच्या गढूळ द्रवात अजून काही कण तरंगतच आहेत. एका सुटीचा अख्खा दिवस खर्ची घालून केलेली वीस लिटर बिअर या चिखलावर तशीच ठेवायची, की निवळ भाग तातडीने दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचा?

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात घरगुती बिअरच्या छंदात एवढा वाद क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. अनेक वर्षे छापील पुस्तके एकमुखाने सांगत होती की, आठवड्याभरात बिअर साक्यावरून उचला, नाही तर ती नासेल. आज तीच पुस्तके लिहिणारे जाणकार सांगतात, की घाई करू नका. या दोन सल्ल्यांच्या मध्ये जे शास्त्र आहे ते समजून न घेता केलेल्या घाईने बिघडलेली बिअर ही साक्याने बिघडलेल्या बिअरपेक्षा जास्त असावी, असे म्हणायला जागा आहे.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट करायला हवी. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाईनला मोकळीक मिळाली, पण बिअर मात्र राहून गेली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये त्यासंबंधीच्या विधेयकावर स्वाक्षरी केली आणि १९७९ पासून एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःसाठी करण्याची मुभा मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये तर २०१३ पर्यंत अडून बसली होती. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि त्यात घरच्या बिअरला सवलत नाही. परदेशी नोकरीला गेलेला मराठी तरुण तेथे जो छंद उजळ माथ्याने जोपासू शकतो, तोच पुण्याला परतल्यावर त्याला सोडून द्यावा लागतो. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डूलाली’पासून राज्यात जी छोटी मद्यनिर्मितीगृहे उभी राहिली, ती परवानाधारक आहेत. किण्वनाचे शास्त्र अर्थातच घरच्या बुधल्याला आणि त्यांच्या पोलादी टाक्यांना सारखेच लागू पडते. फरक आकाराचा आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सारा घोटाळाही त्या आकारानेच केला आहे.

साका येतो कुठून?

बिअरच्या तळाशी बसतो तो एकजिनसी पदार्थ नव्हे. त्याचे मुख्य घटक तीन, आणि तिघांचे स्वभाव वेगळे.

पहिला घटक उकळतानाच तयार होतो. मोड आणून वाळवलेले व भरडलेले जव ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले, की त्यातील पिष्टाची साखर होते. गाळून घेतलेल्या या गोड पाण्याला ‘वर्ट’ म्हणतात. ते तासभर खळखळून उकळले, की त्यातील प्रथिने जवाच्या टरफलांतून आणि हॉप्सच्या फुलांतून उतरलेल्या तुरट द्रव्यांशी जुळून गोठतात आणि सूपमध्ये फेटलेले अंडे सोडल्यावर दिसाव्यात तशा पांढुरक्या चिंध्या तरंगू लागतात. कोल्हापूरकडच्या वाचकाला हे दृश्य नवे वाटू नये. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना भेंडीची चिकटी टाकून वर आलेली मळी काढतात, तोच हा प्रकार. भेंडीचे काम येथे आयरिश मॉस नावाचे समुद्रशेवाळ करते. उकळी संपायला पंधरा मिनिटे उरली असताना ते चिमूटभर टाकले, की प्रथिनांच्या गुठळ्या मोठ्या होतात आणि लवकर तळ गाठतात.

वर्ट झपाट्याने थंड केला, की आणखी एक, पण कितीतरी बारीक साका पडतो. चहा निवल्यावर गढुळतो तसा. त्यातही प्रथिने असतात, आणि जवातील स्निग्ध द्रव्यांचा अंशही. या दोन्हींत हॉप्सचा चोथा मिसळला, की जर्मन भाषेत ज्याला ‘ट्रूब’, म्हणजे गढूळपणा, म्हणतात तो तयार होतो. बुधल्यातला सर्वांत खालचा हिरवट-तपकिरी थर हाच.

पातेल्यातला ट्रूब पिंपात जाऊ नये म्हणून करतात ती युक्ती गमतीची आहे. आच बंद करून वर्ट एकाच दिशेने जोरात ढवळायचा आणि पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ ठेवायचा. गाळ कडेला न जाता मधोमध शंकूसारखा गोळा होतो. चहाच्या पेल्यातली पत्ती ढवळल्यावर मध्यभागी का जमते, या प्रश्नाचे उत्तर अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मधील एका निबंधात दिले होते. विषय होता नद्यांची वळणे, पण त्याचा उपयोग बिअर करणाऱ्यांनाही होतो.

दुसरा घटक म्हणजे वरचा सायीसारखा थर. हे यीस्ट. वीस लिटर वर्टमध्ये चांगली सुरुवात व्हावी म्हणून सुमारे २०० अब्ज पेशी सोडाव्या लागतात. दोन-तीन दिवसांत त्या कित्येक पटींनी वाढतात, साखर संपत आली की एकमेकींना चिकटून गुच्छ करतात आणि खाली बसतात. तिसरा घटक मृत पेशींचा. आरंभी तो नगण्य असतो. दिवस जातील तसा वाढतो.

वैरी म्हणून ओळख, सोबती म्हणून काम

ट्रूब म्हणजे घाण, ही समजूत चटकन पटते, कारण तो घाणीसारखा दिसतो. पण यीस्टच्या दृष्टीने तो शिधा आहे. पेशीला दुभंगून दोन व्हायचे तर नवे पापुद्रे घडवावे लागतात आणि त्यासाठी स्टेरॉल व असंतृप्त मेदाम्ले लागतात. ती बनवायला प्राणवायू हवा. म्हणूनच थंड वर्ट यीस्ट टाकण्यापूर्वी जोराने हलवतात. घरी हे काम बहुधा अर्धवटच होते. अशा वेळी ट्रूबमधली स्निग्ध द्रव्ये उपयोगी पडतात. जे स्वतः घडवायचे, ते यीस्टला आयते मिळते. शिवाय यीस्टला अत्यल्प प्रमाणात लागणारे जस्त ट्रूबमध्ये असते, आणि ट्रूबच्या खडबडीत कणांवर कर्बवायूचे बुडबुडे सहज सुटतात, त्यामुळे द्रवात वायू कोंडून पेशी मरगळत नाहीत. परिणामी साका असलेल्या पिंपात किण्वन बहुधा लवकर सुरू होते आणि लवकर संपते.

याला एक किंमत आहे. बिअरमध्ये केळ्याचा, पेअरचा किंवा सफरचंदाचा जो फलगंध येतो तो एस्टर नावाच्या संयुगांमुळे. असंतृप्त मेदाम्ले भरपूर मिळाली, की एस्टर घडवणारे यीस्टचे जनुक मंदावते आणि गंध कमी होतो. स्वच्छ, साध्या चवीच्या बिअरला ही गोष्ट मानवते. केळी-लवंगेच्या सुगंधासाठी नावाजलेल्या बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला ती मानवेलच असे नाही. म्हणजे ‘साका चांगला की वाईट’ या प्रश्नाला ‘कोणत्या बिअरसाठी?’ असा उपप्रश्न जोडल्याखेरीज उत्तर नाही.

अति तेथे मात्र नुकसान आहेच. पातेल्यातला सगळाच्या सगळा चोथा पिंपात ओतला, तर उरलेली मेदाम्ले पुढे बिअर शिळी होण्याला हातभार लावतात. महिन्या-दोन महिन्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, ती या मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणातून निघणाऱ्या द्रव्यामुळे. स्निग्धतेने फेसही टिकत नाही. तेलकट पेल्यात ओतलेल्या बिअरचा फेस लगेच मरतो, त्याचे कारण तेच. हॉप्सचा चोथा जास्त राहिला तर कडवटपणाला एक गवताळ, खरखरीत कड येते. तेव्हा उकळीतला जाड गाळ पातेल्यातच राहील असे पाहावे आणि त्यातून एखादा तांब्या गढूळ वर्ट पिंपात गेलाच तर त्याचा शोक करू नये, असा मध्यममार्ग बहुतेक अनुभवी मंडळी सांगतात.

हौशी मंडळींनी याची पडताळणीही केली आहे. एकाच वर्टचे दोन भाग करायचे, एकात सगळा साका जाऊ द्यायचा, दुसऱ्यात फक्त निवळ भाग घ्यायचा. मग तीन पेल्यांत दोन सारखे आणि एक वेगळा नमुना देऊन, वेगळा कोणता ते डोळे मिटून ओळखायला सांगायचे. निव्वळ अंदाजाने तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येणारच, म्हणून त्याहून बरेच जास्त लोक ओळखू शकले तरच फरक खरा मानायचा. अशा चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण साक्यावर आंबलेली बिअर हमखास गढूळ आणि बेचव होते, हा समज त्यांत टिकलेला नाही.

आरोग्याचा धसका तर निराधारच म्हणावा लागेल. आपल्याकडे घरची दारू म्हटले की हातभट्टी डोळ्यांसमोर येते, आणि २००४ मध्ये विक्रोळीत व २०१५ मध्ये मालवणीत झालेल्या विषारी दारूकांडांनंतर ते स्वाभाविकही आहे. तिथला मारेकरी मिथेनॉल होता. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसते, आणि तळाचा साका म्हणजे प्रथिने, चोथा व यीस्ट. अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्सची कडवट द्रव्ये यांच्या एकत्रित पहाऱ्यात रोगजंतूंना बिअरमध्ये सहसा थारा मिळत नाही. साक्याने काही बिघडलेच तर चव बिघडते.

भीतीचा उगम

मग आठव्या दिवशी बिअर हलवण्याचा सल्ला आला कुठून? त्याचा धागा मोठ्या कारखान्यांपर्यंत जातो.

लिओपोल्ड नाथन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये उभट, खाली शंकूच्या आकाराची टाकी विकसित केली. पुढे काही दशकांनी ती जगभरच्या कारखान्यांत रूढ झाली. अशा टाकीची उंची दहा-पंधरा मीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकते. दर दहा मीटरला साधारण एक वातावरण या हिशेबाने तळाशी बसलेल्या यीस्टवर मोठा दाब येतो. शिवाय शंकूच्या अरुंद टोकात त्याचा ढीग इतका जाड होतो की आतली उष्णता बाहेर पडत नाही. भुकेल्या, दाबलेल्या आणि तापलेल्या पेशी मरतात, आणि मेल्यावर त्यांच्यातली विकरे त्यांनाच आतून पचवू लागतात. या स्वयंपचनाला ‘ऑटोलिसिस’ म्हणतात. पेशी फुटून जे बाहेर येते, त्याने बिअरला मांसाच्या रश्श्यासारखी, सोया सॉससारखी, प्रसंगी जळक्या रबरासारखी चव येते. विकरांनी फेस धरणारी प्रथिनेही तोडली जातात. कारखान्यात म्हणूनच शंकूची तोटी उघडून यीस्ट काही दिवसांतच काढून टाकतात. तिथे हा नियम शंभर टक्के बरोबर आहे.

घरच्या बुधल्यात द्रवाची उंची असते हात-दीड हात. साका दोन-तीन सेंटिमीटरचा, पसरट. दाब नगण्य, उष्णता साचण्याचा प्रश्न नाही. पण छंदाच्या सुरुवातीच्या काळात मार्गदर्शन दुसरीकडून येणार कुठून? चार्ली पपाझियन यांचे ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ १९८४ चे. त्याआधी हौशी माणसापाशी होती ती बहुतांशी कारखान्यांची शिस्त. त्यात त्या काळचे घरगुती यीस्ट म्हणजे माल्टच्या डब्याबरोबर येणारी, दुकानातल्या फळीवर कितीतरी दिवस पडून असलेली पुडी. त्यातल्या पेशी आधीच अर्धमेल्या असत. अशा यीस्टवर बिअर राहू दिली तर खरोखरच वाईट चव येई. म्हणजे भीती पोकळ नव्हती, ती दुसऱ्या परिस्थितीतली होती. परिस्थिती बदलली, यीस्ट शीतपेटीत मिळू लागले, त्याचा जोम वाढला; सल्ला मात्र पुस्तकागणिक पुढे उतरत राहिला. २००० मध्ये इंटरनेटवर मोफत उपलब्ध झालेल्या ‘हाऊ टू ब्रू’ या ग्रंथाचे कर्ते जॉन पामर यांनी आरंभी दुसऱ्या भांड्याचा पुरस्कार केला होता. नेहमीच्या एल प्रकारच्या बिअरसाठी त्याची गरज नाही, असे पुढे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. आपलाच सल्ला असा मागे घेणारे ग्रंथकार थोडे.

स्वयंपचनाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे आणि तिचा संबंध थेट मुंबईशी येतो. बिअरमध्ये जो दोष, तोच अन्यत्र हेतुपुरस्सर घडवून आणला जातो. इंग्लंडमधील बर्टन अपॉन ट्रेंट या बिअरच्या गावी १९०२ मध्ये ‘मार्माइट’ तयार करणारी कंपनी स्थापन झाली. कारखान्यांच्या तळाशी उरणारे यीस्ट घ्यायचे, मीठ घालून पेशी फुटू द्यायच्या, टरफले गाळून टाकायची आणि उरलेला काळपट अर्क आटवायचा, ही तिची रीत. ल्युसी विल्स या इंग्रज रक्तविकारतज्ज्ञ १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. रक्तक्षयाचा संबंध निकृष्ट आहाराशी असल्याचे त्यांना दिसत होते, पण नेमके काय कमी पडते ते उमगत नव्हते. आधी प्रयोगशाळेतील प्राण्यांवर आणि मग रुग्ण स्त्रियांवर त्यांनी हा स्वस्त यीस्ट-अर्क वापरून पाहिला आणि स्त्रिया झपाट्याने सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. अर्कातल्या त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले, तेव्हा त्याचे फॉलिक आम्ल झाले. आज आरोग्य केंद्रांतून गरोदर मातांना लोहाबरोबर ज्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात, त्यांच्या शोधाची एक पायरी बिअरच्या पिंपातल्या साक्याची आहे.

घाईचे तोटे

बिअर साक्यावरून लवकर उचलण्यात काय बिघडते, हे पुस्तकांनी फारसे सांगितले नव्हते. यीस्ट खाली बसू लागले म्हणजे त्याचे काम संपले असे नाही. जोमात असताना ते डायअॅसिटिल नावाच्या द्रव्याची पूर्वतयारी बिअरमध्ये सोडून बसलेले असते. ताज्या लोण्याला जो वास असतो तो याच द्रव्याचा. भाकरीवर तो हवासा, बिअरमध्ये नकोसा. अॅसिटाल्डिहाइडमुळे येणारा कच्च्या सफरचंदाचा दर्पही त्याच टप्प्यातला. साखर संपल्यावर यीस्ट ही द्रव्ये परत शोषून घेते. एल बिअरमध्ये त्याला काही दिवस लागतात, थंडाव्यात होणाऱ्या लागर बिअरमध्ये जास्त. ज्याने घाईने बिअर वेगळी काढली त्याने सफाई कामगारांनाच घराबाहेर काढले. लोण्याचा वास मग बाटलीपर्यंत सोबत करतो.

दुसरा धोका हवेचा. कोवळ्या वर्टला प्राणवायू हवा असतो, तयार बिअरला तो विष आहे. नळीने एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना थोडी जरी खळबळ झाली तरी हवा मिसळते, आणि सुगंधी हॉप्सची सोनेरी बिअर काही आठवड्यांत मातकट रंगाची व निःसत्त्व होते. तिसरा धोका संसर्गाचा. प्रत्येक नवे भांडे, नवी नळी, नवे झाकण म्हणजे रानटी यीस्टला आणि दुग्धाम्ल जिवाणूंना एकेक दार. हे जिवाणू माणसाला आजारी पाडत नाहीत, बिअर मात्र आंबट करून सोडतात.

म्हणून साध्या एल बिअरला दोन ते तीन आठवडे त्याच पिंपात, त्याच साक्यावर राहू द्यावे, हा आजचा सर्वसाधारण संकेत आहे. किण्वन संपले की नाही ते बुडबुड्यांवरून ठरवू नये. हायड्रोमीटर सोडून घनता मोजावी, आरंभी १.०५० असलेली घनता १.०१० च्या आसपास येऊन सलग दोन-तीन दिवस हलली नाही, की संपले. महिनाभरानेही काही बिघडण्याचा संभव कमी. मात्र हा हिशेब १८ ते २० अंशांचा आहे. ३० अंशांच्या पुढे, बंद खोलीत, कित्येक महिने बिअर साक्यावर पडून राहिली तर स्वयंपचन घरच्या बुधल्यातही होते. फळे घातलेली किंवा वर्षभर मुरवायची तीव्र बिअर दुसऱ्या भांड्यात काढण्याला आजही अर्थ आहे.

साका घट्ट बसवण्याचा सोपा उपाय म्हणजे किण्वन पूर्ण झाल्यावर पिंप दोन दिवस शून्याच्या जरा वर, फ्रीजच्या तापमानात ठेवणे. यीस्ट दबून चिक्कीसारखे बसते आणि नळी अलगद वरच्या बाजूला धरली तर निवळ बिअर निघते. थंड होताना पिंप बाहेरची हवा आत ओढते, तेवढी मात्र अडवावी लागते. ज्यांना काचेसारखी नितळ बिअर हवी असते ते जिलेटीन घालतात. ब्रिटनमध्ये पिंपातल्या पारंपरिक एलसाठी आयसिंग्लास वापरतात; ते माशाच्या पोटातील वाताशयापासून, फुग्यापासून करतात. आपल्या पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या ‘बोता’ला निर्यातीत मोठा भाव मिळतो, तोच हा अवयव. शाकाहारी मद्यप्रेमींच्या तक्रारीनंतर गिनेससारख्या कंपनीनेही गेल्या दशकात आयसिंग्लासचा वापर थांबवला. ज्याला यांतले काहीच नको त्याने आणखी आठवडाभर वाट पाहावी, एवढाच पर्याय. बहुतेकदा तो पुरतो.

बाटलीतला साका

पिंप सुटले तरी साका सुटत नाही. घरगुती बिअरला फेस आणण्यासाठी बाटलीत भरताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतात. बिअरमध्ये उरलेले यीस्ट ती खाऊन कर्बवायू सोडते आणि बाटलीच्या बुडाशी पातळ थर धरते. पिंपातले किण्वन अपुरे राहिले असेल तर हाच वायू बाटली फोडतो. काचांनी जखमी होण्याचा हा धोका या छंदातला सर्वांत खरा धोका आहे. साक्याच्या भीतीने आठव्या दिवशीच बाटल्या भरणारे त्याला हमखास आमंत्रण देतात, कारण अशा वेळी साखर पूर्ण संपलेली नसते.

थराचे काय करायचे, हे देशोदेशीच्या रिवाजावर आहे. बेल्जियमच्या मठांतील बिअर ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीत राहू देतात. जर्मनीत ‘हेफेवाइझेन’ ओतताना तळाचे यीस्ट गोल हलवून मुद्दाम पेल्यात उतरवतात. नावातला ‘हेफे’ म्हणजे यीस्टच, आणि गाळलेली नितळ गव्हाची बिअर ‘क्रिस्टाल’ या वेगळ्या नावाने मिळते. ऑस्ट्रेलियात १८६२ पासून चालत आलेल्या कूपर्सच्या एल बिअरची बाटली उघडण्यापूर्वी टेबलावर आडवी लोळवण्याची तिथल्या लोकांना सवय आहे. नेहमी नितळ लागर पिणाऱ्याला मात्र यीस्ट मिसळलेला पहिला पेला कडवट-पिठूळ लागतो, आणि काहींचे पोटही त्याने डबडबते.

बाटल्या भरून झाल्या, की पिंपाच्या तळाशी लिटर-दीड लिटर साका उरतो. तो मोरीत ओतून देणारे बरेच. पण दही लावताना आपण जसे विरजण मागे ठेवतो, तसे करणारेही आहेत. पश्चिम नॉर्वेतील शेतकऱ्यांनी ‘क्वाइक’ नावाचे आपले यीस्ट लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या असेच सांभाळले. घरी त्यासाठी निर्जंतुक बाटली आणि फ्रीज पुरेसा होतो. वरचा सायीसारखा थर पळीने काढून घ्यावा, खालचा हिरवट चोथा सोडून द्यावा, आणि दोन आठवड्यांच्या आत नव्या वर्टला लावावा. बाटलीचे झाकण मात्र सैल ठेवावे लागते, कारण यीस्ट थंडीतही थोडा थोडा वायू सोडत राहते.